न चाखलेले मीठ

ओल्या कापसाला लागलेला हिंगाचा वास लवकर जात नाही. बाटल्या मी साबणाने धुतल्या, लिंबाच्या सालीने घासल्या, खिडकीतल्या उन्हात उलट्या ठेवल्या. तरीही बेसिनखालचे कपाट उघडले की आधी तो वास येतो आणि त्याच्या मागोमाग बाकीचे सगळे येते. सोसायटीच्या ऑफिसातल्या प्लास्टिकच्या खुर्च्या, पंख्याची एका पात्यापुरती टकटक, आणि माझ्या उजव्या हाताला बसलेल्या आत्याने घेतलेला तो खोल, निर्धास्त श्वास. फोडणीत पडलेला हिंग भूक जागी करतो. कापसावरचा हिंग मात्र वेगळा असतो. औषधासारखा, फार दिवस बंद राहिलेल्या खोलीसारखा.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. तिने लग्न केले नाही. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आयुष्यभर नोकरी केली, गिरगावातली खोली सुटली तेव्हा आमच्याबरोबर मीरा रोडला आली, आणि आई-वडील गेल्यानंतर पेणकरपाड्याच्या बाजूच्या या सातव्या मजल्यावर आम्ही दोघीच उरलो. आम्ही दोघी आणि वडिलांकडून आलेला दीड दिवसाचा गणपती.

एक्स्चेंजमध्ये तिने कान वापरले असतील; घरात ती नाकाने जगे. मिठागरांकडून वारा फिरला की तिला अंथरुणातच कळे. कपड्यांच्या घड्या घालता घालता ती सहज म्हणे, "ओहोटी लागली," आणि मग मलाही खाडीच्या चिखलाचा तो किंचित गंजलेला, ओलसर वास येऊ लागे, जणू तिने म्हटल्यामुळेच तो आमच्या मजल्यापर्यंत चढला. तारोडीहून सुकी मासळी घेऊन येणारी कोळीण गेटपाशी टोपली उतरवी, तेव्हा आत्या बोंबलाची एक काडी उचलून नाकाशी धरी आणि बहुतेक वेळा परत ठेवी. "दमट आहेत गं. उन्हं नीट मिळालेली नाहीत यांना." कोळीण शिव्या घालत खालची दुसरी जुडी काढून देई.

ती चुकत नसे असे नाही. एकदा तिने गॅस गळतोय असे जाहीर केले. सगळ्या मजल्यावरचे रेग्युलेटर बंद झाले, वॉचमन धापा टाकत वर आला, आणि शेवटी निघाला तो आठव्या मजल्यावर पिकलेला फणस. समोरच्या गुजराती भाभी त्यानंतर जिन्यात भेटल्या की विचारत, "क्या आत्या, आज फणस तो नहीं है ना?" आत्या शांतपणे म्हणे, "एकदा चुकलं म्हणून श्वास घ्यायचं सोडू का?" हे मी मुद्दाम सांगते आहे. त्या चुकीने तिच्यात काडीचाही फरक पडला नव्हता.

आमच्याकडे नैवेद्याचा स्वयंपाक चाखत नाहीत. देवाच्या आधी जिभेला काही लावायचे नाही; ही रीत पुष्कळ घरांत आहे, आणि ती पाळणाऱ्या बायका मीठ अंदाजाने घालतात. आत्या अंदाज करत नसे. ती झाकण सरकवून डोळे मिटे, वाफ हाताने स्वतःकडे ओढून घेई आणि म्हणे, "आहे." किंवा, "चिमूटभर हवंय." मिठाला वास नसतो, हे मला ठाऊक आहे, शाळेत शिकलेली प्रत्येक मुलगी ते सांगेल. मी तिला तसे सांगितलेही होते. ती म्हणाली, "मिठाला नसेल. भाजीला असतो ना? मीठ नसलं की ती कच्च्या मातीसारखी येते. मीठ पडलं की वास खाली बसतो." मी कवितेच्या वर्गात बसलेली मुलगी होते. वास खाली बसतो, हे शब्द मी मनात कितीतरी वर्षे बाळगले, आणि ते आपल्याला सुचले नाहीत याची रुखरुखही.

पण त्याच नाकासमोर मला कधी दार लावता आले नाही, हेही खरे आहे. कॉलेजात असताना मी एकदा उशिरा घरी आले आणि म्हणाले, वर्ग लांबला. ती माझ्या डोक्याशी वाकली. "वर्गात बसलीस म्हणतेस, पण केसांना तर ऊन लागल्याचा वास येतोय." आई स्वयंपाकघरातून बाहेर आली, आणि पुढचे काही महिने माझे बाहेर जाणे बंद झाले. आत्याने ते मुद्दाम केले नव्हते. तिला वास आला, तिने सांगितला, इतकेच. मी रडले तरी तिला रुमालावरून कळे, आणि विचारल्याशिवाय तिला राहवत नसे. प्रेमाने का होईना, माझ्यावर सतत कुणीतरी श्वास रोखून असल्यासारखे ते दिवस होते.

चाळिशी उलटल्यावर मी पुन्हा विद्यापीठात नाव घातले, सामाजिक मानसशास्त्रासाठी. तोवर मी घरी बसून पुस्तकांची मुद्रिते तपासत होते आणि कधीमधी कविता लिहीत होते. कवितेने मला एकट्या माणसाकडे पाहायला शिकवले होते. चारजण एका खोलीत बसले की त्यातल्या एकेकाचे काय होते, ते मला कुणी शिकवले नव्हते. वर्गात माझ्या निम्म्या वयाची मुले मला ताई म्हणत आणि परीक्षेच्या आधी माझ्या वह्या नेत.

"म्हणजे आता तुला लोकांच्या मनातलं कळणार?" आत्याने पहिल्या दिवशी विचारले होते.

"नाही गं. लोकांमध्ये बसल्यावर मनाचं काय होतं, ते."

"त्याला विद्यापीठ कशाला? हळदीकुंकवाला जाऊन बस."

प्रात्यक्षिकाचा विषय माझ्याच डोक्यातून निघाला. सगळे एकमुखाने चुकीचे उत्तर देत असतील तर माणूस डोळ्यांना दिसते ते नाकारतो का, हे पूर्वीपासून तपासले गेले आहे. आम्ही ते वासावर तपासू, असे मी सुचवले. मी आणि माझी एक वर्गमैत्रीण, पंचविशीच्या आतली, नया नगरमध्ये राहणारी. हिंगाचे पाणी फिके, मध्यम आणि जहाल अशा तीन प्रमाणांत करायचे, कापसावर घेऊन बाटल्यांत ठेवायचे. आधी एक नमुना हुंगायचा आणि मग सांगायचे, तीन बाटल्यांपैकी कोणत्या बाटलीचा वास तितकाच. उत्तर कुणालाही यावे इतके सोपे. फक्त आधी बोलणाऱ्या तिघीजणी आमच्या सामील असणार, आणि ठरलेल्या वेळी तिघी मिळून एकच चुकीची बाटली सांगणार. जिला काही माहीत नाही ती शेवटी बसणार.

सामील व्हायला भाभी लगेच तयार झाल्या. "खोटंच बोलायचं ना फक्त? अगं, मी रोज सासूला सांगते, बा, शाक फर्स्ट क्लास!" तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षिका जरा कुरकुरल्या, पण आल्या. तिसरी कॉलेजातली एक मुलगी. रविवारी दुपारी सोसायटीचे ऑफिस रिकामे असे. तिथे एकेका रविवारी इमारतीतल्या एक-दोन बायका बोलावायच्या, असे ठरले.

आमच्या मॅडमनी दोन गोष्टी बजावल्या होत्या. घरचे माणूस घ्यायचे नाही. आणि ज्याला फसवले त्याला त्याच दिवशी, त्याच खुर्चीवर, खरे काय ते सांगायचे. तो खोलीबाहेर पडण्याच्या आत. "लोकांचा गैरसमज तुम्ही भाड्याने घेतलेला असतो," मॅडम म्हणाल्या होत्या. "काम झालं की जागेवर परत."

दुसरी गोष्ट आम्ही पहिल्याच रविवारी मोडली. एकीला खरे सांगितले तर संध्याकाळपर्यंत लिफ्टमधून ते सगळ्या इमारतीत पोचेल, मग पुढच्या बायकांवर प्रयोग कसा करायचा? सगळ्यांचे झाले की एकत्र चहाला बोलावू आणि सांगू, असे आम्ही दोघींनीच ठरवून टाकले.

पहिली गोष्ट मोडली ती आषाढातल्या शेवटच्या रविवारी, आणि ती मी एकटीने मोडली. त्या दिवशी कॉलेजातली मुलगी आली नाही, म्हणून तिच्या जागी मी बसणार होते. मग जिच्यासाठी सगळे मांडले होते ती बाईही आली नाही. आत्या आमच्यासाठी थर्मासमधून चहा घेऊन खाली आली होती. रिकामी खुर्ची बघून तिने विचारले, "कुणी कमी पडतंय का? मी बसू? वास घ्यायचा आहे ना, मला तेवढंच येतं."

मैत्रिणीने माझ्याकडे पाहिले. भाभींनी पदर तोंडाशी नेला. मी म्हणाले, "बस."

त्या एका शब्दाच्या आत काय होते, ते मी पुष्कळदा चाचपून पाहिले आहे. दिवस वाया जाऊ नये, ही काळजी होती. पण तिच्या तळाशी केसांना ऊन लागलेली एक मुलगी बसली होती, आणि तिला बघायचे होते की हे नाक एकदा तरी डगमगते का.

पहिल्या दोन फेऱ्या सरळ झाल्या. सगळ्यांनी बरोबर सांगितले, आत्याने कापूस नाकापासून वीतभर लांब असतानाच सांगितले. तिसऱ्या फेरीचा नमुना मध्यम होता. भाभी म्हणाल्या, "तिसरी." तिसऱ्या बाटलीत जहाल पाणी होते, झाकण काढले की डोळ्यांत येईल असे. शिक्षिका म्हणाल्या, "तिसरीच." आत्याने गालातल्या गालात हसून माझ्याकडे पाहिले, आता तू सांग यांना, अशा नजरेने. माझी पाळी होती. मी बाटली नाकाशी धरली, श्वास घेतला, घशात हिंग झोंबला, आणि मी म्हणाले, "तिसरी."

तिचे हसू एकदम गेले नाही. ते तसेच राहिले आणि त्याच्या मागचा चेहरा निघून गेला. तिने नमुना पुन्हा मागितला. मग दुसरी बाटली घेतली, मग तिसरी, मग पुन्हा दुसरी. पंखा टकटक करत होता. तिने माझ्याकडे पाहिले नाही. "तिसरी असेल," ती म्हणाली.

उरलेल्या फेऱ्यांमध्ये तिने फारसा वास घेतलाच नाही. आमचे ऐकून ती आमच्यासारखे बोलत गेली. मैत्रीण खाली मान घालून टिपत होती. चहा निवून गेला होता.

मी तिला त्या संध्याकाळी सांगायला हवे होते. लिफ्टमध्येच सांगायला हवे होते. ती आरशाकडे तोंड करून उभी होती आणि म्हणाली, "हिंग भेसळीचा होता का गं?" मी म्हणाले, "असेल." आणखी तीन-चार बायका व्हायच्या आहेत, मग सांगू, असे मी स्वतःला समजावले.

श्रावण लागायच्या आदल्या दिवशी तारोडीची कोळीण आली. आत्या खाली गेली नाही. "तू घेऊन ये," ती म्हणाली. मी टोपलीपाशी जवळा विकत घेत असताना कोळिणीने वर आमच्या खिडकीकडे पाहिले. "मावशी कुठं हाय? आज हुंगायला न्हाय आली? का माझ्यावर भरवसा बसला?" मी म्हणाले, बरं नाही. "सर्दी हाय का? मग जवळा भाजून खायला सांग, नाक उघडंल."

त्यानंतर घरात बारीकसारीक गोष्टी जागच्या हलल्या. दुधाची पिशवी कापण्याआधी ती चष्मा लावून तारीख वाचू लागली. ताकाचे भांडे माझ्यासमोर धरून विचारू लागली, "आंबलंय का?" आणि मी नाही म्हटले तरी ओतून टाकू लागली. एका सकाळी खिडकीशी उभी राहून तिने बराच वेळ बाहेर पाहिले. मी वाट पाहिली. तिने ओहोटीचे नाव काढले नाही. मला वाटले, वयाने आलेला थकवा असेल. खरे म्हणजे मला असे वाटावे अशी माझी सोय होती. आमच्या प्रात्यक्षिकासाठी लागणाऱ्या बायका रविवारी रविवारी येत होत्या, आकडे चांगले जमत होते, आणि त्या आकड्यांत एक आत्या होती.

मग गणपती आला.

चतुर्थीच्या सकाळी घरात दूर्वांचा, ओल्या शाडूचा आणि उकडीचा वास एकत्र झाला होता. मूर्ती बाहेरच्या खोलीत बसली होती. मी केळीचे पान आणायला स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले आणि थांबले. आत्याची पाठ माझ्याकडे होती. तिने बटाट्याच्या भाजीवरचे झाकण सरकवले, वाफ ओढून घेतली. पुन्हा ओढून घेतली. झाकण ठेवले, परत काढले, इतकी वाकली की वाफेने चष्मा पांढरा झाला. मग ती ताठ उभी राहिली. पळीच्या टोकावर भाजीचा रस घेऊन तिने डाव्या तळहातावर एक थेंब सोडला आणि तो जिभेला लावला.

मीठ तिने घातले नाही. म्हणजे ते बरोबरच होते.

ती नळाशी गेली. हात धुतला, पळी धुतली, पुन्हा हात धुतला. पाणी वाहत राहिले. मी पान न घेता परत फिरले आणि समईची वात उगाच सारखी केली.

नैवेद्य तिनेच दाखवला. ताटाभोवती ती नेहमी पाणी एका दमात फिरवी. त्या दिवशी पाण्याची रेघ एका जागी तुटली आणि तिने ती परत ओढली. आरतीला भाभी आल्या. "आत्या, क्या खुशबू है! लिफ्टपर्यंत वास येतोय."

"तुला येतोय ना?" आत्या म्हणाली. "मग झालं."

दुसऱ्या दिवशी पालिकेने केलेल्या हौदात विसर्जन करून आम्ही रिकामा पाट घेऊन घरी आलो. पाटावर थोडी ओली माती होती. आत्या खाली बसून पाट पुसू लागली आणि मी तिच्यासमोर बसले.

"आत्या, त्या बाटल्यांचं... तू बरोबर होतीस."

"कुठल्या बाटल्या?"

"हिंगाच्या. उत्तर दुसरीच होतं. आम्ही सगळ्यांनी ठरवून तिसरी सांगितली."

तिचा हात थांबला. "ठरवून?"

"अभ्यासासाठी. माणूस दुसऱ्यांचं ऐकून स्वतःचं..."

"भाभीला ठाऊक होतं?"

"हो."

"त्या मास्तरीणबाईंना?"

"हो."

"म्हणजे मी सोडून खोलीतल्या सगळ्यांना." ती पुन्हा पुसू लागली. पुसता पुसता म्हणाली, "भाभी तिसरी म्हणाली तेव्हा मला हसू आलं होतं. म्हटलं, कढीत साखर घालणारी बाई ही, हिला काय कळणार. मास्तरीणबाईंना तर बारमाही सर्दी. त्यांचं मी मनावरच घेतलं नाही. मग तू म्हणालीस."

मी पाटाच्या कडेवरची माती नखाने खरवडू लागले.

"तू कशाला खोटं बोलशील? तुला तर माझ्याइतकाच येतो वास. म्हटलं, माझंच गेलं." तिने फडक्याची घडी उलटली. "माझ्या आईचं, तुझ्या आजीचं, असंच सुरू झालं होतं. तू लहान होतीस, तुला नाही आठवणार. आधी वास गेले. करपलेल्या दुधाचा चहा केला आणि आम्हा भावंडांना म्हणाली, कसा छान झालाय. मग हळूहळू आम्ही गेलो. तुझ्या बापाला विचारायची, तुम्ही कोण, कुणाकडे आलात."

"आत्या..."

"रोज सकाळी उठल्या उठल्या मी सगळ्यांची नावं म्हणून बघत होते. तुझं आधी म्हणायचे."

बाहेर कुणाचा तरी गणपती जात होता. ताशाचा आवाज आमच्या मजल्यापर्यंत येता येता विरळ झाला. मला तिचा हात धरायचा होता, पण तो मातीने भरला होता आणि ती तो मोकळा करत नव्हती.

"काल स्वयंपाकघरात... मी पाहिलं," मी म्हणाले.

"हो? मग त्यानेही पाहिलं असेल." तिने रिकाम्या पाटाकडे पाहिले. "त्याला कोण सांगणार आता, की हे तुझ्या अभ्यासाचं होतं?"

ती रागाने बोलली असती तर मला बरे वाटले असते. तिने ते खरोखरच विचारले होते.

पुढच्या रविवारी आम्ही सगळ्या बायकांना चहाला बोलावून खरे सांगितले. त्या हसल्या, एकमेकींना टाळ्या दिल्या, मला तर संशय आलाच होता, असे जवळजवळ प्रत्येकीने सांगितले. मॅडमना मी सारे काही सांगितले. आत्याची उत्तरे त्यांनी काढून टाकायला लावली, आणि आमचा तक्ता त्यामुळे काही बिघडला नाही. एक माणूस वजा झाले तरी निष्कर्ष तोच राहिला. मॅडम माझ्यावर ओरडल्या नाहीत. त्यांनी विचारले, "त्या कशा आहेत आता?" वर्ग माझ्याकडे बघत होता. मी म्हणाले, "ठीक आहेत." सगळ्यांसमोर पुन्हा एकदा मी चुकीची बाटली दाखवली.

कारण ती ठीक नव्हती. तिचे नाक तिला परत मिळाले होते, यात शंका नाही. भाभींच्या घरी तूप कढवताना ते उतरवायची वेळ ती आमच्या घरातून ओरडून सांगू लागली. कोळिणीची टोपली पुन्हा तिच्यासमोर उघडू लागली. माझ्यासमोर मात्र ती वासांविषयी बोलेनाशी झाली. खिडकीशी उभी राहून तिने श्वास घेतलेला मला दिसे. ओहोटी आहे की भरती, ते ती स्वतःजवळ ठेवी. आणि कधी खात्री करून घ्यायची वेळ आलीच, लोणच्याला बुरशीचा वास येतोय का, तांदूळ कोंदट झालेत का, तर ती बरणी उचलून समोरच्या दारी जाई. "भाभी, जरा बघ गं हे." भाभीही त्या दिवशी खोटे बोलल्या होत्या. ते तिने त्यांना केव्हाच माफ केले होते. त्यांच्या बोलण्याला तिने कधी फार किंमत दिली नव्हती, म्हणून ते सोपे होते. तिच्या उघड्या बरणीवरचे झाकण माझ्या हातात असे आणि मी दारात उभी राहून ऐके.

मी तिच्याशी पूर्वीपेक्षा अधिक खरे बोलू लागले. बारीकसारीकही. भाजी अळणी असेल तर अळणी म्हणू लागले, तिची साडी विटली आहे असेही एकदा म्हणाले. ती ऐकून घेई, मान हलवी, आणि तिच्या डोळ्यांत एक क्षणभर काहीतरी मोजले जाई. पूर्वी माझे शब्द तिच्यापर्यंत सरळ पोचत. आता ते दाराशी थांबत, त्यांना कुणीतरी आतून निरखून बघे, मग आत घेई.

मार्गशीर्ष लागला. आमच्याकडे गुरुवारची पूजा असते, संध्याकाळी नैवेद्य असतो. थंडी या बाजूला फार पडत नाही, पण त्या आठवड्यात पहाटे खाडीवर धुके राहत होते आणि आत्याला खरोखरची सर्दी झाली. नाक लाल, आवाज बसलेला, हातात कायम रुमाल. वाफ घेतली, ओवा भाजून पुरचुंडी हुंगली. काही उपयोग झाला नाही. भाभी लग्नाला भावनगरला गेल्या होत्या. समोरच्या दाराला कुलूप होते. दुपारी आत्याने दोनदा दार उघडून त्या कुलपाकडे पाहिलेले मी पाहिले.

संध्याकाळी मी पुस्तक घेऊन बाहेर बसले होते. स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला आणि बराच वेळ सुरू झाला नाही. मग तिने मला हाक मारली. नेहमीसारखी मोठ्याने नाही.

मी गेले. ओट्यावर ताट मांडलेले होते: वरणभात, पुरी, खीर. गॅसवर आमटीचे पातेले होते, गॅस बंद केलेला. तिने पळी धुऊन दूर, नळापाशी उपडी घातली होती. बाहेरच्या खोलीतून उदबत्तीचा वास येत होता. तिला तो येत नव्हता.

ती बाजूला सरकली आणि मला पातेल्यासमोर जागा करून दिली. तिने रुमाल कमरेला खोचला, झाकण दोन्ही हातांनी धरले आणि माझ्याकडे तिरके केले, सगळी वाफ माझ्याच बाजूला यावी म्हणून. मी वाकले. आमसुलाचा आंबटपणा आला, गूळ आला, कढीपत्ता, तळाशी बसलेल्या डाळीचा जड, ऊबदार वास, आणि त्या सगळ्यांच्या मधून हिंग. मीठ कुठे असते ते मला कधीच कळले नव्हते. वास वर आहे की खाली बसला आहे, ते मी डोळे मिटून शोधू लागले. डोळे उघडले तेव्हा झाकणाच्या कडेवरून ती माझ्याकडे पाहत होती. इतक्या महिन्यांनी, सरळ.

"सांग."